मैदानात न उतरता संघ बांधणारा माणूस: ‘जनरल मॅनेजर’ नेमकं करतो तरी काय?

श्रीरामपूरच्या झहीर खानची दुसरी इनिंग आणि आइस हॉकीतली सर्वांत ताकदीची खुर्ची

भिंगार (अहिल्यानगर) : सप्टेंबर २०२५ मध्ये झहीर खान लखनऊ सुपर जायंट्सपासून वेगळा झाला. मार्गदर्शक म्हणून नेमणूक होऊन जेमतेम वर्ष झालं होतं आणि वाट्याला आयपीएलचा एकच हंगाम आला होता. संघ सातव्या स्थानी राहिला होता. बातमी छोटी होती, पण तिने एक मोठा प्रश्न मागे ठेवला. संघ कोण बांधतो, आणि संघ हरला तर जाब कोणाला विचारायचा?

कॅनडा-अमेरिकेतल्या आइस हॉकीत या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात मिळतं: ‘जीएम’, म्हणजे जनरल मॅनेजर. तो बर्फावर उतरत नाही, सामन्यात डावपेच सांगत नाही. पण संघात कोण असेल, कोणाला किती पैसे मिळतील आणि कोणाची पाठवणी होईल, हे तोच ठरवतो. भारतात हे काम ‘मेंटॉर’, ‘डायरेक्टर ऑफ क्रिकेट’, ‘सीईओ’ अशा निरनिराळ्या पाट्यांखाली चालतं. नगर जिल्ह्यातून निघालेल्या झहीरने दोन संघांत या कामाची चव घेतली. हे काम नेमकं काय असतं, त्यात माणसं यशस्वी कशी होतात आणि पायउतार का होतात, ते समजून घेऊ.

थोडक्यात

• प्रशिक्षक आजचा सामना जिंकायला बघतो, जीएम पुढच्या पाच वर्षांचा संघ बांधतो.
• पगारावर कमाल मर्यादा असल्यामुळे ‘सगळे चांगले खेळाडू घ्या’ हा पर्याय त्याच्याकडे नसतो.
• झहीर मुंबई इंडियन्सचा संचालक असताना संघाने २ विजेतेपदं मिळवली आणि एकदा तळही गाठला.
• या खुर्चीवर माजी खेळाडूंसोबत वकील, गणिताचे शिक्षक आणि विमा कंपनीतले अधिकारीही बसले आहेत.

जनरल मॅनेजर म्हणजे कोण?

भिंगार-नगर परिसरात काय किंवा राज्यात इतरत्र काय, टेनिस बॉलच्या अनेक ‘प्रीमियर लीग’मध्ये आता पॉइंटवर लिलाव होतो. समजा, प्रत्येक संघाला १० हजार पॉइंट दिले आणि १२ खेळाडू घ्यायचे आहेत. एका संघाने गावातल्या सर्वांत धडाकेबाज फलंदाजावर ६ हजार उडवले. आता उरलेल्या ४ हजारांत ११ जण बसवायचे. विकेटकीपर राहिला, डेथ ओव्हर टाकणारा राहिला. लिलाव संपतो तेव्हाच त्या संघाचं निम्मं भवितव्य ठरलेलं असतं. ज्याने हात वर करून बोली लावली, तो त्या क्षणापुरता त्या संघाचा जनरल मॅनेजर असतो.

हेच काम मोठ्या प्रमाणावर, वर्षाचे बारा महिने आणि पगार घेऊन केलं की त्याचा व्यवसाय होतो. उत्तर अमेरिकेतली नॅशनल हॉकी लीग, म्हणजे एनएचएल, १९१७ मध्ये सुरू झाली. तिच्यात आज ३२ संघ आहेत आणि प्रत्येक संघ एका हंगामात ८० हून अधिक साखळी सामने खेळतो. मालक पैसे घालतो आणि जीएम नेमतो. जीएम प्रशिक्षक नेमतो, खेळाडू शोधणाऱ्या स्काउटची फळी उभी करतो, करार करतो, दुसऱ्या संघांशी अदलाबदल करतो. दुय्यम लीगमध्ये खेळणाऱ्या जोडसंघात कोणता पोरगा तयार होतोय, यावरही त्याच्या कार्यालयाचं लक्ष असतं. प्रशिक्षकाला हातात आलेल्या संघातून सामना काढायचा असतो. तो हात कसा असेल, हे जीएमने आधीच ठरवलेलं असतं.

यात एवढं अवघड काय?

अवघड आहे ती पगाराची मर्यादा. मालक आणि खेळाडूंच्या संघटनेत पगारावरून वाद पेटला आणि एनएचएलचा २००४-०५ चा अख्खा हंगाम रद्द झाला. त्यानंतर २००५ पासून ‘सॅलरी कॅप’ आली. त्या वर्षी प्रत्येक संघाला खेळाडूंच्या पगारावर जास्तीत जास्त ३ कोटी ९० लाख डॉलर खर्च करता येत होते. २०२५-२६ साठी हा आकडा ९ कोटी ५५ लाख डॉलर आहे, म्हणजे ८०० कोटी रुपयांहून अधिक. मालक कितीही श्रीमंत असला तरी ही रेघ ओलांडता येत नाही.

दुसरी अट ड्राफ्टची. साधारण १८ वर्षांच्या नव्या खेळाडूंची निवड संघ दरवर्षी सात फेऱ्यांत, पाळीपाळीने करतात. तळाच्या संघांना आधी संधी मिळण्याची शक्यता जास्त असते. १८ वर्षांचा मुलगा २४ व्या वर्षी कसा खेळेल, हे आज ओळखायचं असतं. तिसरी गोष्ट अदलाबदलीची. खेळाडूच्या बदल्यात खेळाडू देता येतो, तशीच पुढच्या वर्षीच्या ड्राफ्टमधली आपली पाळीही देता येते.

या पाळ्यांच्या सौद्यातला सर्वांत गाजलेला किस्सा मॉन्ट्रियल कॅनेडियन्सच्या सॅम पोलॉक यांचा. ते १९६४ ते १९७८ या काळात जीएम होते आणि संघाने त्या काळात ९ वेळा स्टॅनले कप जिंकला. १९७१ च्या ड्राफ्टमध्ये गी लाफ्लूर हा क्युबेकचा मुलगा पहिला निवडला जाणार, हे सगळ्यांना दिसत होतं. पण तळाशी जाणाऱ्या संघाला पहिली पाळी, आणि मॉन्ट्रियल काही तळाशी जाणारा संघ नव्हता. पोलॉक यांनी १९७० मध्येच कॅलिफोर्निया गोल्डन सील्स या दुबळ्या संघाची पुढच्या वर्षीची पाळी सौद्यात मिळवून ठेवली. पुढच्या हंगामात मात्र लॉस एंजेलिस किंग्ज हा संघ सील्सच्याही खाली घसरण्याची चिन्हं दिसू लागली. तसं झालं असतं तर पहिली पाळी किंग्जकडे गेली असती. पोलॉक यांनी आपला अनुभवी खेळाडू राल्फ बॅकस्ट्रॉम किंग्जला देऊन टाकला. किंग्ज सावरले, सील्स तळाशी राहिले आणि लाफ्लूर मॉन्ट्रियलला मिळाला. पुढे त्याच लाफ्लूरच्या जोरावर संघाने अनेक कप जिंकले.

आपल्याकडे अशी मर्यादा आहे का?

आहे. आयपीएलमध्ये तिला ‘पर्स’ म्हणतात. २०२५ च्या हंगामासाठी प्रत्येक संघाकडे १२० कोटी रुपये होते. त्यात कमीत कमी १८ आणि जास्तीत जास्त २५ खेळाडू घ्यायचे, परदेशी खेळाडू ८ पेक्षा जास्त नाहीत. प्रो कबड्डीतही हेच सूत्र आहे, फक्त रक्कम लहान.

कबड्डीचा दहावा हंगाम या बाबतीत धडा म्हणून वाचण्यासारखा आहे. त्या वर्षी प्रत्येक संघाची पर्स ५ कोटींची होती. तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतसाठी २ कोटी ६० लाख ५० हजार रुपये मोजले. निम्म्याहून अधिक पैसा एका चढाईपटूवर गेला. पवनच्या गुणवत्तेबद्दल शंका नव्हती, पण संघ १२ पैकी १२ व्या स्थानी राहिला.

पुणेरी पलटणनेही इराणच्या मोहम्मदरझा शादलूसाठी २ कोटी ३५ लाख दिले होते. फरक इतकाच की, त्याच्या आजूबाजूचा संघ त्यांनी आधीच घडवून ठेवला होता. नगर जिल्ह्याचाच अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते ही तरुण पोरं संघाने जपली होती, टिकवली होती. त्यामुळे महागडा खेळाडू आला तो भरलेल्या ताटात वाढपाला. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला अस्लमच्या नेतृत्वाखाली पुण्याने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवलं आणि पहिल्यांदा विजेतेपद मिळवलं.

आइस हॉकीत टोरांटो मेपल लीफ्सचं उदाहरणही असंच. काइल डुबास २०१८ मध्ये वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी तिथे जीएम झाले. चार मोठ्या खेळाडूंशी त्या काळात करार झाले. तेवढ्यात कोविड आला, लीगचं उत्पन्न आटलं आणि पगाराची मर्यादा ८ कोटी १५ लाख डॉलरवर अडकली. चौघांचा मिळून पगार साधारण त्याच्या निम्मा होता. साखळीत संघ भरपूर जिंकायचा, पण बाद फेरीत अडखळायचा. डुबास यांच्या पाच हंगामांत टोरांटोला बाद फेरीतली एकच मालिका जिंकता आली, आणि २०२३ मध्ये त्यांचा टोरांटोशी संबंध संपला.

झहीर या वाटेवर कसा आला?

झहीरचा जन्म ७ ऑक्टोबर १९७८ रोजी श्रीरामपूरचा. शाळा श्रीरामपुरातच झाली. पुढे लोणीच्या प्रवरा अभियांत्रिकी महाविद्यालयात मेकॅनिकलला प्रवेशही घेतला होता, पण क्रिकेटसाठी तो अभ्यासक्रम सोडून त्याने मुंबई गाठली. तिथे सुधीर नाईक यांच्या हाताखाली नॅशनल क्रिकेट क्लब, नंतर चेन्नईचं एमआरएफ पेस फाउंडेशन आणि रणजीसाठी बडोदा असा त्याचा प्रवास झाला. २००० मध्ये भारताकडून पदार्पण, ९२ कसोटींत ३११ बळी, २०० एकदिवसीय सामन्यांत २८२ बळी. २०११ च्या विश्वचषकात २१ बळी घेऊन तो शाहिद आफ्रिदीसह पहिल्या क्रमांकावर होता. ही कारकीर्द बहुतेकांना माहीत आहे.

कमी चर्चा होते ती त्यापुढच्या टप्प्याची. २०१५ मध्ये त्याने आंतरराष्ट्रीय क्रिकेट सोडलं. २०१६ आणि २०१७ मध्ये तो दिल्ली डेअरडेव्हिल्सचा कर्णधार होता. आयपीएलच्या १०० सामन्यांत १०२ बळी ही त्याची कमाई. डिसेंबर २०१८ मध्ये मुंबई इंडियन्सने त्याला ‘डायरेक्टर ऑफ क्रिकेट ऑपरेशन्स’ केलं. भारतीय क्रिकेटमधलं हे पद आइस हॉकीतल्या जीएमच्या खुर्चीला बरंच जवळचं आहे. मात्र तेवढे एकहाती अधिकार त्यात नसतात.

मुंबईत काय घडलं?

सुरुवात झकास झाली. १२ मे २०१९ रोजी हैदराबादच्या अंतिम सामन्यात मुंबईने चेन्नईला एका धावेने हरवलं. अर्थात तो संघ मुख्यतः आधीच जमलेला होता. जसप्रीत बुमरा २०१३ पासून आणि हार्दिक पंड्या २०१५ पासून मुंबईकडे होते. स्काउटनी लवकर हेरल्यामुळे ते स्वस्तात मिळालेले. हार्दिक तर अवघ्या १० लाखांत. नव्या संचालकाच्या वाट्याला भरलेलं घर आलं होतं.

खरा जीएम छापाचा निर्णय दिसला तो नोव्हेंबर २०१९ मध्ये. दिल्ली कॅपिटल्सकडून डावखुरा वेगवान गोलंदाज ट्रेंट बोल्ट याला मुंबईने अदलाबदलीच्या खिडकीतून घेतलं. लिलावात चढाओढ करण्याची वेळच आली नाही. पुढे लसिथ मलिंगाने २०२० च्या हंगामातून माघार घेतली, तेव्हा हा सौदा किती मोलाचा होता ते कळलं. बोल्टने त्या हंगामात २५ बळी घेतले. अंतिम सामना नेमका दिल्लीविरुद्ध आला. बोल्टने सामन्याच्या पहिल्याच चेंडूवर मार्कस स्टॉइनिसला बाद केलं, एकूण ३ बळी घेतले आणि सामनावीरही तोच ठरला. दिल्लीने ज्याला सोडलं, त्यानेच दिल्लीचा कप हिरावला.

मग आला २०२२ चा मोठा लिलाव. नियमांमुळे मुंबईला चारच खेळाडू राखता येत होते. रोहित शर्मा, बुमरा, सूर्यकुमार यादव आणि कायरन पोलार्ड यांना ठेवलं. हार्दिक पंड्या गेला, बोल्टही राजस्थानकडे गेला. लिलावात ईशान किशनला परत घेण्यासाठी १५ कोटी २५ लाख मोजावे लागले. जोफ्रा आर्चर दुखापतीमुळे त्या वर्षी खेळणार नाही हे माहीत असूनही ८ कोटी गुंतवले. संघ पहिले आठ सामने ओळीने हरला आणि तळाशी राहिला. हार्दिकच्या नेतृत्वाखाली नवा संघ गुजरात टायटन्स त्याच वर्षी विजेता झाला.

मात्र त्याच लिलावात मुंबईने १ कोटी ७० लाखांत तिलक वर्मा घेतला. तो पुढे भारताकडून खेळला आणि मुंबईच्या फलंदाजीचा कणा बनला. संघबांधणीत एकाच दिवशी घेतलेले दोन निर्णय असे वेगवेगळ्या वेळी पिकतात. निकाल एका हंगामाच्या गुणतक्त्यात मावत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये मुंबई इंडियन्सने झहीरला ‘ग्लोबल हेड ऑफ क्रिकेट डेव्हलपमेंट’ केलं, म्हणजे वेगवेगळ्या देशांतल्या आपल्या संघांसाठी खेळाडू घडवण्याची जबाबदारी दिली.

लखनऊत गणित कुठे चुकलं?

ऑगस्ट २०२४ मध्ये झहीर लखनऊचा मेंटॉर झाला. आता कोरी पाटी होती, मोठा लिलाव तोंडावर होता. लखनऊने पाच खेळाडू राखले: निकोलस पूरन २१ कोटी, रवी बिश्नोई ११ कोटी, मयंक यादव ११ कोटी, मोहसीन खान ४ कोटी आणि आयुष बडोनी ४ कोटी. एकूण ५१ कोटी. उरले ६९ कोटी. जेद्दाच्या लिलावात त्यातले २७ कोटी एकट्या ऋषभ पंतवर गेले. आयपीएलच्या इतिहासातली तोवरची ती सर्वांत मोठी बोली होती.

आता जीएमच्या चष्म्यातून बघा. मयंक यादव ताशी १५० किलोमीटरहून अधिक वेगाने चेंडू टाकणारा गोलंदाज. पण २०२४ मध्ये दुखापतीमुळे तो चारच सामने खेळू शकला होता. मोहसीनलाही दुखापतींचा इतिहास होता. या दोघांवर १५ कोटी लागले. २०२५ मध्ये मयंक दोनच सामने खेळला आणि मोहसीन हंगामाआधीच बाहेर पडला. लिलावात घेतलेले आवेश खान आणि आकाशदीप हेही सुरुवातीला उपलब्ध नव्हते. पंतच्या हंगामभरात २६९ धावा झाल्या आणि त्यातल्या ११८ शेवटच्या सामन्यातल्या. लखनऊने १४ पैकी ६ सामने जिंकले.

याच हंगामात एक छोटा निर्णय मात्र नेमका बसला. पालघरचा शार्दूल ठाकूर लिलावात विकलाच गेला नव्हता. मोहसीनच्या जागी लखनऊने त्याला २ कोटींत घेतलं. हैदराबादविरुद्ध आपल्या दुसऱ्याच सामन्यात त्याने ३४ धावांत ४ बळी घेतले. अवघ्या ३० लाखांत घेतलेला फिरकीपटू दिग्वेश राठीही १४ बळी घेऊन गेला. मोठ्या रकमा फसल्या आणि लहान रकमा फळल्या, असा तो हंगाम होता.

हे सगळे निर्णय एकट्या झहीरचे होते असं म्हणणं चूक ठरेल. लखनऊच्या निर्णयात मालक संजीव गोएंका होते, मुख्य प्रशिक्षक जस्टिन लँगर होते. अडचण नेमकी इथेच आहे. एनएचएलमध्ये करार आणि सौद्यांची जबाबदारी सर्वांसमक्ष जीएमची असते, त्यामुळे श्रेय आणि दोष दोन्ही त्याच्या नावावर चढतात. आपल्याकडे मेंटॉरचे अधिकार कुठून कुठवर, हे बाहेरच्याला कळत नाही. खुर्ची रिकामी झाली की दोष कोणाच्या नावावर लागला ते तेवढं दिसतं.

तिकडे मालक ढवळाढवळ करत नाहीत का?

करतात. ९ ऑगस्ट १९८८ रोजी एडमंटन ऑयलर्सने वेन ग्रेट्झकीला लॉस एंजेलिस किंग्जकडे पाठवलं. संघाचे जीएम आणि प्रशिक्षक ग्लेन सॅथर यांचा त्याला विरोध होता. पण मालक पीटर पॉकलिंग्टन यांना पैसा हवा होता. कॅनडात त्यावरून रान पेटलं, हा सौदा रोखावा अशी मागणी संसदेपर्यंत गेली. क्रिकेटमध्ये सचिनला ऐन भरात असताना मुंबईने विकून टाकावं, तसाच हा प्रकार.

जिंकणंही खुर्ची वाचवतंच असं नाही. महिलांच्या व्यावसायिक आइस हॉकी लीगचा, पीडब्ल्यूएचएलचा पहिला हंगाम २०२४ मध्ये झाला. मिनेसोटा विजेता ठरला आणि काही दिवसांतच त्या संघाच्या जीएम नताली डार्विट्झ यांना पद सोडावं लागलं. पुरुषांच्या एनएचएलमध्ये तर आजवर एकही महिला जीएम झालेली नाही. व्हँकुव्हर संघाने २०२२ मध्ये एमिली कास्टनगे आणि कॅमी ग्रॅनाटो यांना सहायक जीएम केलं, हे त्या दिशेने पडलेलं मोठं पाऊल.

मग संयम ठेवला तर काय होतं?

स्टीव्ह आयझरमन यांचं उदाहरण इथे कामाचं आहे, कारण तेही झहीरसारखेच मोठे खेळाडू. डेट्रॉइटकडून २२ हंगाम खेळले, कर्णधार म्हणून ३ स्टॅनले कप जिंकले. २००६ मध्ये निवृत्त झाल्यावर ते लगेच जीएम झाले नाहीत. चार वर्षं डेट्रॉइटच्याच कार्यालयात उपाध्यक्ष म्हणून करार, ड्राफ्ट, पगाराचं गणित शिकले. २०१० मध्ये टॅम्पा बेने त्यांना जीएम केलं.

त्यांच्या काळात टॅम्पाने २०११ मध्ये निकिता कुचेरोव्हला ५८ व्या क्रमांकावर, तर ओंद्रे पालात याला थेट सातव्या फेरीत निवडलं. २०१४ मध्ये ब्रेडन पॉइंट ७९ व्या क्रमांकावर मिळाला. इतर संघांनी दुर्लक्ष केलेली ही मुलं पुढे संघाचा आधार झाली. पण आयझरमन यांच्या हाताला टॅम्पात कप लागला नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनी पद सोडलं. त्यांचे सहकारी जूलियन ब्रिझब्वा जीएम झाले आणि टॅम्पाने २०२० आणि २०२१ मध्ये ओळीने दोन कप जिंकले. लावणी एकाची, सुगी दुसऱ्याची. तरीही आठ वर्षं मिळाली म्हणून लावणी तरी पुरी झाली. लखनऊत झहीरला मिळालेला काळ त्याच्या आसपासही नव्हता.

या खुर्चीपर्यंत पोहोचायला खेळाडूच असावं लागतं?

नाही. वाटा साधारण चार आहेत.

पहिली खेळाडूची, आयझरमन आणि झहीर यांची.

दुसरी स्काउटची. केन हॉलंड हे गोलकीपर होते, पण एनएचएलमध्ये फार खेळू शकले नाहीत. १९८५ मध्ये ते डेट्रॉइटसाठी कॅनडाच्या पश्चिम भागात खेळाडू शोधू लागले. १९९७ मध्ये तिथेच जीएम झाले आणि संघाने त्यांच्या काळात ३ कप जिंकले.

तिसरी वाट कराराची आणि कायद्याची. टॅम्पाचे ब्रिझब्वा हे मूळचे वकील. पगाराच्या मर्यादेची कलमं ज्याला पाठ, तो संघासाठी एखाद्या बचावपटूइतकाच मोलाचा.

चौथी व्यवस्थापनाची. न्यू जर्सी डेव्हिल्सचे लू लॅमोरिएलो यांनी गणित शिकवलं होतं, नंतर ते महाविद्यालयीन क्रीडा विभागाचे प्रमुख झाले. १९८७ मध्ये ते न्यू जर्सीत आले, २०१५ पर्यंत राहिले आणि ३ कप जिंकले. आपल्याकडे कोलकाता नाइट रायडर्सचे सीईओ वेंकी म्हैसूर हे विमा क्षेत्रातून आले. २०१२, २०१४ आणि २०२४ ही कोलकात्याची तिन्ही विजेतेपदं त्यांच्याच कारकिर्दीतली.

मुंबईच्या अभिषेक नायरची वाट या चारांच्या मधून जाते. भारताकडून तो तीनच एकदिवसीय सामने खेळला. पण कोलकात्याच्या अकादमीत तरुण खेळाडू घडवण्याचं काम त्याने वर्षानुवर्षं केलं, आणि पुढे त्याच संघाचं मुख्य प्रशिक्षकपद त्याच्याकडे आलं. प्रवीण आमरे यांनी दिल्लीसाठी खेळाडू हेरण्याचं काम केलं. खेळाडू म्हणून मिळालेली प्रसिद्धी आणि खेळाडू ओळखण्याची नजर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे अशा लोकांकडे पाहून कळतं.

निवड समितीचा अध्यक्षही हेच काम करतो का?

अर्धंच. भारताच्या निवड समितीचे अध्यक्षपद जुलै २०२३ मध्ये मुंबईकर अजित आगरकरकडे आलं. संघ निवडण्याचा अधिकार त्याच्याकडे आहे, पण लिलाव नाही, अदलाबदल नाही, पर्स नाही. अख्ख्या देशातला कोणताही खेळाडू त्याला उपलब्ध असतो. जीएमला मात्र प्रत्येक खेळाडूमागे ‘हा घेतला तर कोण सोडावा लागेल?’ हा हिशेब मांडावा लागतो.

आइस हॉकीचा आपल्याशी संबंध काय?

थोडा आहे, आणि भिंगारसारख्या छावणीच्या गावाला तो लवकर कळेल. भारतात आइस हॉकी प्रामुख्याने लडाखमध्ये, गोठलेल्या तळ्यांवर वाढली. राष्ट्रीय संघातले बरेच खेळाडू लष्कर आणि आयटीबीपीतले असतात. जून २०२५ मध्ये भारताच्या महिला संघाने आशिया चषकात कांस्यपदक जिंकलं, आणि त्या संघातही लडाखच्या मुलींचाच भरणा होता. भारतात या खेळाची व्यावसायिक लीग एनएचएलच्या जवळपासही नाही, त्यामुळे पगारी जीएम हा प्रश्न तिथे अजून उद्भवतच नाही. पण एनएचएलने शंभर वर्षांत जी पद्धत घडवली, तिचे तुकडे आपण क्रिकेट आणि कबड्डीत उचलले आहेत: खेळाडूंवरचा खर्च बांधून घालणारी मर्यादा, अदलाबदलीची खिडकी, स्काउटची फळी.

नगरच्या मुलांसाठी यात काय आहे?

जिल्ह्यातून झहीर आला, संगमनेर तालुक्यातल्या आश्वीचा अजिंक्य रहाणे आला, कबड्डीत अस्लम आला. अकादमीत जाणाऱ्या शेकडो मुलांपैकी बहुतेकांना तिथवर पोहोचता येणार नाही, हे पालकांनाही माहीत असतं. आजवर अशा मुलापुढे दोनच पर्याय दिसायचे: खेळत राहा नाहीतर खेळ सोडून नोकरी बघ.

आता मधली जागा तयार होत आहे. स्कोअरर, व्हिडिओ अ‍ॅनालिस्ट, स्काउट, टीम मॅनेजर, खेळाडूंच्या करारांचं काम पाहणारे, दुखापतींवर लक्ष ठेवणारे फिजिओ अशी माणसं प्रत्येक संघाला लागतात. २०२३ मध्ये सहा संघांनिशी महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाल्यापासून अशा कामांची गरज राज्यातच निर्माण झाली आहे. कागद-पेन्सिलने किंवा मोबाइल अ‍ॅपवर गावच्या स्पर्धेचं स्कोअरिंग नीट करणारा, कोणता गोलंदाज शेवटच्या षटकांत मार खातो हे आकड्यांनिशी सांगू शकणारा मुलगा या शिडीच्या पहिल्या पायरीवर उभाच आहे. हॉलंड यांनीही सुरुवात गावोगाव फिरून पोरांचे सामने बघण्यापासूनच केली होती.

पण या नोकऱ्यांची दुसरी बाजूही लक्षात घ्यायला हवी. करार बहुधा हंगामापुरते, मोजपट्टी गुणतक्त्याची आणि अधिकार मालकाच्या मर्जीवर. भारतीय लीगमधले संघ जोवर ‘हा निर्णय कोणाचा’ हे स्पष्ट लिहून देत नाहीत, तोवर या खुर्चीवर बसणाऱ्याला जबाबदारी पूर्ण आणि अधिकार अर्धे, अशीच वागणूक मिळत राहील. झहीरला मुंबईत एका हंगामाच्या अपयशानंतर नवी जबाबदारी मिळाली, लखनऊत एका हंगामानंतर निरोप मिळाला. माणूस तोच होता, फरक संस्थेत होता. म्हणून या क्षेत्रात उतरू पाहणाऱ्याने कामाचं पत्र हातात आलं की पगाराच्या आकड्याआधी दोन गोष्टी वाचाव्यात: मुदत किती वर्षांची, आणि खेळाडू घेण्या-सोडण्यावर सही कोणाची.